‘मंथन’ची नवी प्रत : स्मिता पाटील आता कुठे नीट दिसते

गुजरातेतल्या दूध सहकाराची गोष्ट सांगणारा, श्याम बेनेगल दिग्दर्शित, स्मिता पाटीलचा ‘मंथन’ बहुतेकांनी पाहिला आहे तो दूरदर्शनवर, नाहीतर कुणीतरी नेटवर चढवलेल्या धुरकट प्रतीत. त्या प्रतीत झोपडीच्या आतला प्रसंग लागला की बिंदूच्या, म्हणजे स्मिताच्या भूमिकेच्या, डोळ्यांतली चमक आणि ओढणीची कड तेवढी उरते. गाल, हनुवटी, मान सगळं काळ्या चौकोनी ठिपक्यांत जातं. २०२४ मध्ये तयार झालेल्या ४के (रुंदीत सुमारे चार हजार ठिपक्यांच्या) प्रतीत तो चेहरा परत मिळाला आहे. स्मिताच्या अभिनयाविषयी भरभरून बोलणाऱ्या प्रत्येकाने ही प्रत पाहावी, कारण आजवर आपण तिचं निम्मंच काम पाहत होतो.

आधी ही प्रत आली कुठून ते. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने हे काम हाती घेतलं. सोबतीला गुजरात सहकारी दूध विपणन महासंघ, म्हणजे अमूलवाले, होते. १९७६ सालीही पैसा त्यांच्याच सभासदांचा होता. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख जमले आणि चित्रपट उभा राहिला. मूळ कॅमेरा निगेटिव्ह, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यात होती ती फिल्म, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती, पण काही भागांना बुरशी लागलेली आणि काही ठिकाणी रंग उतरलेले. ध्वनीची निगेटिव्ह मिळालीच नाही, म्हणून आवाज फाउंडेशनकडच्या ३५ मिमी प्रिंटवरून उचलला. स्कॅनिंग आणि डिजिटल सफाई चेन्नईत झाली, देखरेख इटलीतल्या बोलोन्याच्या लिमाजिने रित्रोवाता या प्रयोगशाळेची. दिग्दर्शक श्याम बेनेगल आणि छायाचित्रकार गोविंद निहलानी दोघंही या कामात होते, आणि ही गोष्ट फार मोलाची ठरली. मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या अभिजात विभागात प्रत दाखवली गेली. मग १ आणि २ जूनला ती भारतातल्या चित्रपटगृहांत लागली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बेनेगल गेले.

छायाचित्रकार हयात असताना रंग ठरवले जाणं किती महत्त्वाचं, हे स्मिताच्या बाबतीत सगळ्यात ठळक दिसतं. रंगीत फिल्मवर रंगद्रव्यांचे तीन थर असतात : निळसर, किरमिजी आणि पिवळा. हे तिन्ही सारख्या वेगाने उतरत नाहीत. त्या काळच्या प्रिंटमध्ये निळसर थर आधी मरतो आणि सगळं चित्र गुलाबी-तांबूस होऊन बसतं. गोऱ्या चेहऱ्यावर ते एक वेळ खपून जातं. सावळ्या चेहऱ्यावर मात्र विटेचा रंग चढतो. अशी प्रिंट टीव्हीसाठी उतरवताना तंत्रज्ञ लाली कमी करायला जातो, त्यात सावल्या मेलेल्या निघतात. पुढे नेटवर चढवताना फाइल दाबली की गडद भागांच्या वाट्याला सगळ्यात कमी माहिती येते, आणि तिथे ठिपके, पट्टे, चौकोन तयार होतात. म्हणजे वाईट प्रतीचा पहिला फटका नेमका स्मिताच्या त्वचेला बसतो. नव्या प्रतीत उन्हातली बिंदू आणि सावलीतली बिंदू यांच्या कांतीत फरक दिसतो, सावलीतसुद्धा गालाचं हाड कुठे संपतं आणि खळगा कुठे सुरू होतो ते कळतं. स्मिताचा निम्मा अभिनय त्या खळग्यात आहे. ती भुवया फार उडवत नाही, ओठ फार हलवत नाही. जबडा घट्ट होतो, सैल होतो, आणि तेवढ्यात प्रसंग पुढे सरकतो.

डॉक्टर राव, म्हणजे गिरीश कार्नाड, दुधाचा नमुना मागायला बिंदूच्या दारी येतो आणि ती त्याला उडवून लावते, तो प्रसंग दोन्ही प्रतींत लागोपाठ पाहावा. जुन्या प्रतीत फक्त एक तापट बाई दिसते. नव्या प्रतीत तापटपणाच्या मागची भीती दिसते. शहरी माणूस, हातात बाटली, हा आपल्या दुधाचं नक्की काय करणार, हा हिशेब तिच्या नजरेत चाललेला असतो. संवादात तो कुठेच नाही. पटकथा विजय तेंडुलकरांची आहे. पात्राला पुरतं बोलू न देता उभं करण्याची त्यांची रीत आणि स्मिताची न बोलता कळवण्याची रीत इथे एकमेकींना भेटतात. या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, आणि सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचाही.

सफाईच्या कामाबद्दल थोडं तपशिलात सांगायला हवं, कारण ‘४के’ हा शिक्का आज कशावरही मारला जातो. १३४ मिनिटांचा चित्रपट म्हणजे सेकंदाला २४ या हिशेबाने १,९२,९६० चौकटी, आणि फिल्मची लांबी सुमारे १२,००० फूट. आधी निगेटिव्ह हाताने तपासतात. फाटलेली भोकं आणि सुटलेले जोड दुरुस्त करतात, मग धुतात, मग एकेक चौकट स्कॅन करतात. त्यानंतर धूळ, ओरखडे, बुरशीचे डाग, लुकलुक आणि हलणारी चौकट यांचं काम येतं. धूळ शोधणारं सॉफ्टवेअर एका साध्या नियमावर चालतं : जो ठिपका एकाच चौकटीत आहे, मागच्या-पुढच्या चौकटीत नाही, तो कचरा. आता चित्रपट दुधाचा. धार बादलीत पडते तेव्हा उडणारा थेंब एकाच चौकटीत असतो, पांढरा असतो, गोल असतो. सॉफ्टवेअरवर सगळं सोडून दिलं तर थेंबच पुसला जाईल. गोठ्यातल्या माशा, उन्हात उडणारी धूळ, गवताची काडी यांचंही तेच. म्हणून माणसाने बसून प्रत्येक खूण मान्य किंवा अमान्य करावी लागते. नव्या प्रतीत दूध काढण्याचे प्रसंग जिवंत वाटतात. कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बसल्याशिवाय हे होत नाही.

दाणा, म्हणजे फिल्मवर मुळातच असणारे बारीक कण, ठेवला आहे, हीही चांगली गोष्ट. फिल्मचा दाणा पुसून चित्र गुळगुळीत केलं की घाम, रंध्रं, उन्हाने रापलेली मान सगळं मेणासारखं होतं. ‘मंथन’मध्ये ते झालेलं नाही. काही ठिकाणी दाणा अचानक जाड झालेला दिसला तर गडबडू नये. एका दृश्यातून दुसऱ्यात विरघळत जाणाऱ्या जागा आणि श्रेयनामावली त्या काळी ऑप्टिकल पद्धतीने, नकल-निगेटिव्हवर करत. तिथे मूळ फिल्मच एक पिढी मागे असते.

आवाजाची बाजू थोडी उतरती आहे, आणि ते अटळ होतं. प्रिंटवरचा आवाज म्हणजे चित्राच्या कडेला छापलेली एक पट्टी. तिच्यातून प्रकाश जातो आणि त्याचा आवाज होतो. पट्टीवर ओरखडा आला की चरचर, धूळ बसली की टिकटिक. त्यात प्रिंट कितीतरी वेळा प्रोजेक्टरमधून गेलेली असते. चरचर पुष्कळ काढली आहे, पण वरच्या पट्टीतले स्वर पातळच राहतात. प्रीती सागरच्या गाण्यात हे जाणवतं. संवाद मात्र स्वच्छ आहेत. स्मिताची गुजराती वळणाची हिंदी, शब्दाच्या शेवटी आवाज खाली सोडण्याची तिची लकब आता कानाला लागते. तिचा आवाज मुळात खर्जाकडे झुकणारा. पाल या, भारतात चालत आलेल्या टीव्ही पद्धतीच्या जुन्या डीव्हीडी आणि टीव्हीच्या टेप यांत २४ चौकटींचा चित्रपट २५ च्या वेगाने पळतो. १३४ मिनिटं पाच मिनिटांहून थोडी जास्त आखडतात आणि आवाज सुमारे ४ टक्के चढतो. एवढ्या फरकाने भारदस्त बाई जरा किरटी वाटू लागते. स्मिताचा आवाज पातळ आहे असं ज्यांना वाटत आलं, त्यांनी आपण कोणती प्रत ऐकली ते एकदा तपासावं.

या भूमिकेला उभी राहिली तेव्हा स्मिता विशीत होती. जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. घर मूळचं खानदेशातलं, शिरपूरकडचं. वडील शिवाजीराव पाटील राजकारणात, आई विद्याताई समाजकार्यात. राष्ट्र सेवा दलाचे संस्कार घरातच होते, कलापथकाची सवय तिथली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अरुण खोपकरांच्या १९७४ च्या पदविका चित्रपटात ती होती. आणि त्याच सुमारास मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्याची ती पहिली वर्षं. सगळं कृष्णधवल आणि थेट. जीन्सवरूनच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, ही आठवण तिच्याबरोबर काम केलेल्यांनी अनेकदा सांगितली आहे. थेट बातम्यांत मान हलवता येत नाही, हातवारे करता येत नाहीत, चूक झाली तर दुसरा टेक नाही. भिंगाकडे पाहून स्थिर बसायचं आणि वजन फक्त आवाजातून व डोळ्यांतून पोचवायचं. नाटकातून आलेल्या नटाला कॅमेऱ्यासमोर आवरायला वेळ लागतो. स्मिता आवरलेलीच आली, आणि त्याचं मोठं श्रेय त्या बातम्यांच्या खुर्चीला द्यायला हवं. बेनेगलांनी तिला पाहिलं तेही टीव्हीवर. मग १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’, आणि पाठोपाठ ‘मंथन’. बेनेगल सांगत, की चित्रीकरण पाहायला आलेली कॉलेजची पोरं नायिका कुठे आहे असं विचारत राहिली, आणि ती गावातल्या बायकांत बसलेली होती. नव्या प्रतीत गर्दीचे प्रसंग पाहताना ही गोष्ट खरी वाटते. तिला शोधावं लागतं.

आता बाकीच्या कामाचं काय? ‘मंथन’ पाहून झाल्यावर हीच गोष्ट सगळ्यात जास्त खुपते.

‘भूमिका’ (१९७७) हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेला. स्मिताला पहिला राष्ट्रीय पुरस्कार यातल्या उषासाठी मिळाला. एकाच बाईची तरुण पोर, नटी, बायको, आई अशी सगळी वयं तिने बाविशीच्या आत उभी केली. हा चित्रपट मुद्दाम मिसळीचा आहे. काही काळ कृष्णधवल, काही काळ रंगीत, आणि कालखंडाप्रमाणे रंगाची जात बदलते. सध्या सहज मिळणाऱ्या प्रतींत हा फरक इतका बुजतो की काळ बदललेला कळतच नाही. पाहणाऱ्याला कथा विस्कळीत वाटते, आणि दोष दिला जातो संकलनाला.

‘मिर्च मसाला’चं दुखणं वेगळं. लाल रंग हा डिजिटल व्हिडिओचा जुना शत्रू. जागा वाचवण्यासाठी व्हिडिओत उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती चौथाईवर आणतात. लाल वस्तूची कड त्यामुळे फुटते आणि रंग बाहेर सांडतो. मिरच्यांच्या राशींमध्ये उभी असलेली सोनबाई, म्हणजे स्मिता, अशा प्रतीत लाल धुक्यात बुडते. १९८७ मध्ये हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा स्मिता नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला, बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीत, एकतिसाव्या वर्षी ती गेली.

मराठी माणसाने ज्यांच्यासाठी आवाज उठवायला हवा ते दोन चित्रपट जब्बार पटेलांचे. ‘जैत रे जैत’ (१९७७) मधली चिंधी आणि ‘उंबरठा’ (१९८२) मधली सुलभा महाजन. ‘जैत रे जैत’ची गाणी आपल्याकडे तोंडपाठ आहेत. ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत. चित्र मात्र जे हाताशी लागतं त्यात डोंगर करडा आणि चिंधी त्याहून करडी. डोंगराचा आणि माणसांचा रंग एकच असावा हीच तर त्या चित्रपटाची ओढ आहे, पण तो रंग आधी दिसायला तर हवा. ‘उंबरठा’त बाहेरचे डोंगर नाहीत, महिलाश्रमाच्या खोल्या आहेत, ट्यूबलाइट आहे, भिंती आहेत. तिथे स्मिता जवळजवळ फक्त चालण्यातून आणि उभं राहण्यातून बोलते. ताठ उभी राहते, मग हळूहळू त्या ताठपणाचा भार तिच्याच खांद्यांवर येतो. फिकट प्रतीत खांदे आणि भिंत एक होतात. या दोन्हींना ‘मंथन’सारखंच, मूळ निगेटिव्हपासून सुरू होणारं काम मिळालं पाहिजे. प्रिंटवरून किंवा टेपवरून मोठं केलेलं काहीतरी ‘एचडी’ म्हणून विकणं म्हणजे ते काम नव्हे.

सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली ‘सद्गती’ (१९८१) टीव्हीवरच्या स्मिताचा अस्सल नमुना आहे. तासाभराच्या आतला ऐवज, समोर ओम पुरी. बातम्या वाचणारी स्मिता मात्र आता जवळपास ऐकीवच उरली आहे. थेट प्रक्षेपणाचा काळ, आणि टेप इतकी महाग की पुसून पुन्हा वापरायची रीत जगभरच्या केंद्रांत होती.

घरी पाहणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. चांगली प्रत मिळूनही टीव्हीच्या मांडणीपायी ती वाया जाते. दुकानातून येतो तेव्हा टीव्ही ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर असतो. तो ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर आणावा. ‘मोशन स्मूदिंग’ बंद करावं. कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात, पण खूण सोपी आहे : चित्रपट मालिकेसारखा सळसळीत दिसू लागला की ते चालू आहे. ‘नॉइज रिडक्शन’ पूर्ण बंद, नाहीतर चेन्नईत राखलेला दाणा तुमच्या दिवाणखान्यात पुसला जाईल. ‘शार्पनेस’ अगदी कमी. उजेड लावताना झोपडीतला प्रसंग थांबवून बिंदूचे केस आणि मागची भिंत वेगळी दिसते का ते पाहावं. दिसत नसेल तर ‘ब्राइटनेस’ दोन-तीन घरं वर. भिंत राखाडी वाटू लागली की एक घर मागे. आणि चौकट ताणू नये. जुन्या टीव्हीच्या ४:३ आकाराचं चित्र आजच्या १६:९ वर ताणलं की माणसं एक-तृतीयांशाने रुंद होतात. ‘झूम’ केलं तर उंचीचा पाव भाग कापला जातो, आणि बहुतेक वेळा कपाळ जातं. ‘सद्गती’ पाहताना हे विशेष सांभाळावं.

या प्रतीबाबत एकच मोठी तक्रार आहे, आणि ती चित्राबद्दल नाही. चित्रपटगृहांत ती दोनच दिवस लागली. तालुक्याच्या गावांपर्यंत, ज्यांच्या दूध सोसायट्या याच नमुन्यावर उभ्या राहिल्या त्या कोल्हापूर-सांगलीकडच्या गावांपर्यंत, ती पोचायला हवी होती. फिल्म सोसायट्यांनी आणि दूध संघांनी मिळून मागणी केली तर खेळ लावता येतात. पाच लाख शेतकऱ्यांच्या पैशांतून झालेला चित्रपट आहे हा. खेळ लावताना प्रोजेक्टरचा दिवा जुना नाही ना, याची आधी विचारणा करावी. दिवा मंदावला की पुन्हा तेच, झोपडी काळी आणि बिंदू गायब. शक्यतो मधल्या रांगेच्या थोडं पुढे बसावं, पडद्याच्या उंचीच्या दीड-दोन पट अंतरावर. तेवढ्यावरून ४के चा उपयोग होतो, मागच्या भिंतीला टेकून बसलं तर होत नाही.

पहिल्यांदाच पाहणाऱ्यांनी म्हैस मेल्यानंतरचा भाग सावकाश पाहावा. खासगी डेअरीवाल्या मिश्राच्या, म्हणजे अमरीश पुरीच्या, कागदावर बिंदू अंगठा उठवते. कागदात काय आहे ते तिला वाचता येत नाही आणि अडचण गळ्याशी आलेली आहे. जुन्या प्रतीत तिथे कळायचं ते कथानक. आता त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे पाहा.